रॅन्समवेअरपासून ऑफिसचं नेटवर्क कसं वाचवायचं: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

रॅन्समवेअर म्हणजे फाइल्स लॉक करून त्या सोडवायला पैसे मागणारं सॉफ्टवेअर. हे लिहायचं कारण एकच, लोक त्यापासून वाचायची कामं करतात पण उलट्या क्रमाने करतात. आधी महागडा अँटीव्हायरस घेतात, मग फायरवॉल बदलतात, मग स्टाफला तासभर ट्रेनिंग देतात, आणि बॅकअपचं काय विचारलं की "तो चालूच आहे" एवढंच उत्तर मिळतं. मग एक दिवस सगळ्या फाइल्स लॉक होऊन पडतात आणि तेव्हा कळतं की बॅकअपही त्यातच गेला, कारण तो त्याच नेटवर्कवर, त्याच ॲडमिन पासवर्डखाली बसलेला होता.

हल्ला कसा चालतो ते आधी डोक्यात पक्कं बसवा. कोणीतरी मेलमधली फाइल उघडली आणि पाच मिनिटांत सगळं लॉक झालं, असं कंपन्यांच्या बाबतीत सहसा होत नाही. हल्लेखोर चोरलेल्या पासवर्डने किंवा एखाद्या जुन्या मशीनमधून आत येतो, आत फिरतो, ॲडमिनचा पासवर्ड मिळवतो, बॅकअप शोधून तो आधी पुसतो, कामाचा डेटा बाहेर नेतो आणि सगळ्यात शेवटी एनक्रिप्शन, म्हणजे फाइल्स लॉक करणं, चालू करतो. चेंज हेल्थकेअर या अमेरिकन कंपनीत हल्लेखोर १२ फेब्रुवारी २०२४ ला शिरले आणि सिस्टिम्स लॉक झाल्या २१ फेब्रुवारीला, म्हणजे मधले नऊ दिवस ते आतच होते. एनक्रिप्शनची वेळही बघून धरतात, शुक्रवारची रात्र, सुट्टीचा आदला दिवस, ऑफिसात कोणी नसेल तेव्हा.

खालचे टप्पे ही वाट धरूनच लावलेत, त्यामुळे कंटाळा आला म्हणून पहिले दोन सोडून तिसऱ्यावर जाऊ नका.

## टप्पा १: आपल्याकडे काय काय आहे त्याची यादी

एक साधी शीट घ्या आणि त्यात सगळं लिहा, सर्व्हर, पीसी, लॅपटॉप, नॅस (नेटवर्कवरची सामाईक डिस्क), स्विच, फायरवॉल, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, मशीन चालवणारा कोपऱ्यातला जुना पीसी, क्लाउडवरचे अकाउंट्स, आणि बाहेरून कोण कोण आत येऊ शकतं तेही. प्रत्येकासमोर तीन गोष्टी: याचा मालक कोण, यावर कुठला डेटा आहे, आणि हे बंद पडलं तर किती वेळ धकेल.

हा तिसरा रकाना आयटीवाल्याने एकट्याने भरायचा नसतो. बिलिंग किती तास बंद चालेल हे बिलिंगवाल्यालाच विचारा, आणि कालपर्यंतचा डेटा परत मिळाला तर चालेल की दुपारपर्यंतचाच हवा हेही तेव्हाच विचारून घ्या. पुढे बॅकअप किती वेळाने घ्यायचा ते यावरूनच ठरतं.

मग परत उभं करण्याचा क्रम लिहा. बहुतेक विंडोज नेटवर्कमध्ये आधी ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांची लॉगिन आणि परवानग्या सांभाळते ती) आणि डीएनएस (नावावरून यंत्र शोधून देतं ते) लागतं, मग डेटाबेस, मग त्यावर चालणारं सॉफ्टवेअर, मग फाइल सर्व्हर, मग मेल. हा क्रम आणि महत्त्वाच्या लोकांचे फोन नंबर कागदावर छापून ठेवा, कारण प्लॅनची वर्ड फाइल ज्या सर्व्हरवर असते तोच सर्व्हर त्या दिवशी लॉक झालेला असतो.

नेहमीची चूक: यादी आठवणीने बनवणं. नेटवर्क स्कॅन करा आणि स्कॅनमध्ये आलेलं प्रत्येक यंत्र प्रत्यक्ष जाऊन बघा. जे यंत्र कोणाचंच नाही ते निघाल्याशिवाय राहत नाही, आणि पॅच, म्हणजे भोकं बुजवणारं अपडेट, न झालेलंही नेमकं तेच असतं.

## टप्पा २: बॅकअप, जो ॲडमिनलाही पुसता येणार नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीचे टप्पे हल्ल्याची शक्यता कमी करतात, पण हल्ला झालाच तर धंदा वाचतो तो या एकाच टप्प्यामुळे.

तीन-दोन-एक हा नियम बऱ्याच जणांना माहीत असतो: डेटाच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक कॉपी बाहेरच्या जागी. रॅन्समवेअरसाठी तेवढं पुरत नाही. त्यात अजून दोन गोष्टी घाला: एक कॉपी अशी की जी नेटवर्कला जोडलेलीच नाही किंवा ठरलेल्या मुदतीपर्यंत कोणालाच बदलता येत नाही, आणि रिस्टोर करून बघितल्यावर शून्य चुका.

आता कामाचा क्रम.

पहिलं म्हणजे बॅकअप सर्व्हर डोमेनमधून, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी सांभाळते त्या मशीनच्या गटातून, बाहेर काढा. त्याचा पासवर्ड वेगळा, ॲडमिन अकाउंट वेगळं, आणि ते अकाउंट दुसऱ्या कुठल्याच मशीनवर वापरायचं नाही. डोमेन ॲडमिनचा पासवर्ड चोरीला गेला तरी त्या पासवर्डने बॅकअप सर्व्हरवर लॉगिन होता कामा नये, एवढी एकच कसोटी लावा.

दुसरं, बॅकअपची जागा कुठल्याही पीसीवर ड्राइव्ह म्हणून मॅप करू नका. फाइल एक्सप्लोररमध्ये तुम्हाला जो ड्राइव्ह दिसतो तो रॅन्समवेअरलाही दिसतो. यूएसबी हार्ड डिस्क वापरत असाल तर बॅकअप झाला की काढून कपाटात, आणि दोन-तीन डिस्क आळीपाळीने वापरा, म्हणजे हल्ल्याच्या वेळी नेमकी जोडलेली डिस्क गेली तरी दुसरी हातात राहते.

तिसरं, न बदलता येणारी कॉपी. क्लाउड स्टोरेजवर ऑब्जेक्ट लॉक नावाची सोय असते, तिच्यात मुदत संपेपर्यंत फाइल पुसता येत नाही. इथे एक बारीक गोष्ट आहे जी लोक चुकवतात, या लॉकचे दोन प्रकार असतात, गव्हर्नन्स आणि कम्प्लायन्स. गव्हर्नन्समध्ये खास परवानगी असलेलं अकाउंट लॉक काढू शकतं, आणि हल्लेखोर नेमकं तेच अकाउंट शोधत असतो. महत्त्वाच्या डेटाला कम्प्लायन्स लावा, पण आधी थोड्या दिवसांची मुदत घालून ट्राय करा कारण एकदा लावलं की तुम्हालाही मागे फिरता येत नाही आणि जागेचं बिल चालूच राहतं. स्वतःच्या ऑफिसात लिनक्सवर इम्युटेबल, म्हणजे न बदलता येणारा, बॅकअप ठेवला असेल तर सर्व्हरच्या मागचा मॅनेजमेंट पोर्टही, म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळायची वेगळी जोडणी, बघा. त्यातून आत शिरून कोणी अख्खी रेड, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कचा संच, उडवली तर फाइलवरचं लॉक काहीच वाचवत नाही.

चौथं, किती जुन्या कॉपी ठेवायच्या. फक्त सात दिवसांचे बॅकअप ठेवले आणि हल्लेखोर आत दहा दिवस असला तर प्रत्येक कॉपीत तोही बसलेला असतो. रोजच्या, आठवड्याच्या आणि महिन्याच्या अशा कॉपी ठेवा, निदान तीन महिने मागे जाता आलं पाहिजे.

पाचवं, फक्त फाइल्सचा बॅकअप घेऊन थांबू नका. फायरवॉल आणि स्विचचं कॉन्फिगरेशन, सॉफ्टवेअरच्या लायसन्स की, इन्स्टॉलर, आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी, हे सगळं हवं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा व्हायरस पसरला तेव्हा मेअर्स्क या शिपिंग कंपनीचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारे सर्व्हर, एकमेकांशी सिंक होते आणि एक गेला तर दुसऱ्यावरून भरून काढू असा सगळा हिशोब होता, पण सगळेच एकदम गेले. वाचला तो घानाच्या ऑफिसातला एकच, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो बंद होता. सिंक आणि बॅकअप यातला फरक याहून स्पष्ट कसा सांगणार.

सावधान, याला बॅकअप म्हणू नका:
- वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हचं सिंक. लॉक झालेली फाइल तितक्याच इमानदारीने वर जाते. जुनी व्हर्जन मिळते काही वेळा, पण त्या भरवशावर कंपनी ठेवू नका.
- विंडोजच्या शॅडो कॉपी, म्हणजे विंडोज त्याच मशीनवर ठेवतं त्या जुन्या कॉपी. एका ओळीच्या कमांडने पुसल्या जातात आणि जवळपास प्रत्येक रॅन्समवेअर ती कमांड चालवतंच.
- व्हर्च्युअल मशीनचे (एका सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या मशीनचे) स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या क्षणाची अवस्था. ते त्याच स्टोरेजवर असतात, होस्ट, म्हणजे ही मशीन चालवणारा सर्व्हरच, एनक्रिप्ट झाला की तेही गेले.
- रेडमधली दुसरी डिस्क.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रिस्टोर करून बघा. मी एका छोट्या कंपनीत गेलो होतो तिथे बॅकअप सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर महिनोन् महिने हिरवी टिक होती. म्हटलं अकाउंटिंगचा डेटाबेस एका रिकाम्या पीसीवर आणून दाखवा. फोल्डर आला, त्यातले सगळे सबफोल्डर आले, डेटाबेसची फाइल पण आली, पण तिच्यावरची तारीख सात महिन्यांपूर्वीची. रात्री सर्व्हरवर ते सॉफ्टवेअर चालूच राहायचं, फाइल वापरात असल्यामुळे बॅकअप ती वगळून पुढे जायचा आणि लॉगच्या तळाशी एक पिवळी वॉर्निंग टाकायचा, जी कोणी वाचतच नव्हतं. ज्यांनी ते सेट केलं होतं ते आणि मालक दोघंही बराच वेळ त्या तारखेकडे बघत उभे होते. हे हल्ल्याच्या दिवशी कळलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा आणि याच आठवड्यात तुमच्याकडची एक फाइल, एक डेटाबेस आणि एक अख्खा सर्व्हर रिस्टोर करून बघा.

रिस्टोरला लागणारा वेळही मोजा. १० टीबी डेटा एक गिगाबिटच्या केबलवरून आणायला सगळं सुरळीत चाललं तरी जवळपास एक अख्खा दिवस लागतो. तोच डेटा क्लाउडवरून १०० एमबीपीएसच्या लाइनवर उतरवायचा म्हटलं तर नऊ दिवसांच्या वर जातात. म्हणून लागलीच हवा असलेला डेटा ऑफिसमधल्या वेगळ्या कॉपीत ठेवा आणि क्लाउडची कॉपी शेवटचा आधार म्हणून.

तपासून बघा: डोमेन ॲडमिनने लॉगिन करा आणि स्वतःच बॅकअप पुसायचा प्रयत्न करा, अर्थात एखादी टेस्ट कॉपी बनवून. पुसता आला तर टप्पा २ झालेला नाही.

## टप्पा ३: बाहेरून आत येणारी दारं

आता दारं बंद करायची. फायरवॉल उघडा आणि बाहेरून आत येणारा प्रत्येक रूल वाचा. ज्या रूलचं कारण कोणालाच सांगता येत नाही तो आधी डिसेबल करा, आठवडाभर थांबा, कोणाची ओरड आली नाही तर काढून टाका.

पोर्ट ३३८९, म्हणजे दुरून पीसी चालवायचा रिमोट डेस्कटॉप, इंटरनेटवर थेट उघडा असेल तर हे वाचणं थांबवून तो आधी बंद करा. पोर्ट नंबर बदलून तो लपवता येतो हा गैरसमज आहे, हल्लेखोरांची स्कॅन करणारी टूल्स सगळे पोर्ट बघतात. घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित रस्ता, द्या आणि व्हीपीएनवर एमएफए, म्हणजे पासवर्डसोबत दुसरी खात्री, सगळ्यांना सक्तीची. सगळ्यांना म्हणजे मालकाला पण. "सरांना फार त्रास होतो म्हणून त्यांचं काढलंय" हे मी इतक्या ठिकाणी ऐकलंय, आणि सगळ्यात जास्त फाइल्सची परवानगी सरांच्याच अकाउंटला असते.

जुनी अकाउंट्स शोधा. मे २०२१ मध्ये कलोनियल पाइपलाइन या अमेरिकन कंपनीवर जो हल्ला झाला आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा इंधनपुरवठा अडकला, तो वापरात नसलेल्या पण चालूच राहिलेल्या एका व्हीपीएन प्रोफाइलमधून झाला होता, त्यावर एमएफए नव्हतं. चेंज हेल्थकेअरमध्येही हल्लेखोर रिमोट ॲक्सेसच्या ज्या पोर्टलवरून शिरले त्यावर एमएफए नव्हतं. दोन्ही मोठ्या कंपन्या, पैशाची किंवा माणसांची कमी नव्हती, एक दार राहून गेलं एवढंच.

व्हेंडरचा ॲक्सेस बघा. सॉफ्टवेअरवाला एकदा सपोर्टसाठी येतो, सर्व्हरवर रिमोट सपोर्टचं टूल टाकतो, कायमचा पासवर्ड सेट करतो आणि जातो. पुढे त्याच्याकडची माणसं बदलतात पण पासवर्ड तोच राहतो. व्हेंडरला ॲक्सेस हवा तेव्हा चालू करा, काम झालं की बंद, आणि नको असलेली सगळी रिमोट टूल्स काढा.

अजून एक दार आहे ते फोनचं. "मी अमुक बोलतोय, फोन बदलला, माझं एमएफए रीसेट करा" असा कॉल आला की आयटीवाला मदत म्हणून करून टाकतो. नियम ठेवा की रीसेटची विनंती आली तर फोन ठेवायचा आणि ऑफिसच्या रेकॉर्डमधल्या नंबरवर स्वतः उलटा फोन करायचा, समोरचा कितीही घाईत असला तरी.

तपासून बघा: ऑफिसच्या बाहेरून, मोबाइल डेटावरून, स्वतःच्या पब्लिक आयपीचा पोर्ट स्कॅन करा. फायरवॉलची स्क्रीन काय म्हणते त्यावर जाऊ नका, बाहेरून काय दिसतं तेच खरं.

## टप्पा ४: ॲडमिनचे पासवर्ड आणि परवानग्या

हल्लेखोर आत आला की त्याला ॲडमिन व्हायचं असतं. त्याला ते सोपं कसं होतं माहितीये, आपणच डोमेन ॲडमिनने रिसेप्शनच्या पीसीवर लॉगिन करून प्रिंटर लावतो, त्या लॉगिनची खूण पीसीच्या मेमरीत राहते, आणि तो पीसी हल्लेखोराच्या हातात असेल तर ती खूण तो उचलतो.

म्हणून असं करा:

1. रोजच्या कामाचं अकाउंट साधं ठेवा. आयटीवाल्याचं सुद्धा. मेल आणि ब्राउझिंग ॲडमिन अकाउंटवरून कधीच नाही.
2. डोमेन ॲडमिन फक्त डोमेन कंट्रोलरवर वापरा. पीसी सांभाळायला वेगळं अकाउंट, सर्व्हर सांभाळायला वेगळं.
3. प्रत्येक पीसीचा लोकल ॲडमिन पासवर्ड वेगळा करा. हाताने करायची गरज नाही, विंडोज लॅप्स नावाची सोय एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आलेली आहे, ती प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देते आणि ठरावीक दिवसांनी बदलते.
4. स्टाफला स्वतःच्या पीसीवर ॲडमिन ठेवू नका. एखादं सॉफ्टवेअर ॲडमिनशिवाय चालतच नाही असं व्हेंडर म्हणाला तर त्याला नेमक्या कुठल्या फोल्डरची परवानगी लागते ते विचारा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.
5. सर्व्हिस अकाउंट्स, म्हणजे माणसासाठी नाही तर सॉफ्टवेअरसाठी बनवलेली अकाउंट्स, तपासा. बॅकअपसाठी किंवा स्कॅनरसाठी बनवलेलं अकाउंट, पासवर्ड आठ वर्षांपूर्वीचा, आणि गट डोमेन ॲडमिन्स, हे बऱ्याच ठिकाणी सापडतं.

सावधान: हे सगळं एका दिवसात करू नका. सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड बदलला की कुठेतरी काहीतरी बंद पडतं, मग घाबरून सगळं परत पहिल्यासारखं केलं जातं आणि पुन्हा कोणी हात लावत नाही. आठवड्याला एक-दोन अकाउंट घ्या.

## टप्पा ५: नेटवर्कचे तुकडे

सपाट नेटवर्कमध्ये, म्हणजे सगळं एकाच रेंजमध्ये असलं की, एक मशीन गेलं म्हणजे सगळं गेलं. निदान एवढे भाग वेगळे करा: सर्व्हर, स्टाफचे पीसी, पाहुण्यांचं वायफाय, कॅमेरे आणि प्रिंटर, बॅकअप, आणि मॅनेजमेंट. मॅनेजमेंट म्हणजे स्विच, फायरवॉल आणि व्हर्च्युअल मशीनच्या होस्टच्या लॉगिन स्क्रीन. होस्टला विशेष जपा. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय, म्हणजे व्हीएमवेअरच्या, होस्टवरच थेट हल्ल्यांची लाट आली होती, त्यात आतल्या प्रत्येक विंडोजशी झगडायची गरजच पडली नाही, होस्ट लॉक केला की वरची सगळी मशीन एकदम गेली.

व्हीलॅन, म्हणजे स्विचवर पाडलेले हे वेगळे भाग, बनवले की काम झालं असं समजू नका. बरेचदा व्हीलॅन वेगळे असतात आणि त्यांच्यामध्ये "सगळ्यांना सगळं चालेल" असा एकच रूल असतो, मग ती फक्त आयपीची रांग बदलली, भिंत काही उभी राहिली नाही. कुठून कुठे कुठल्या पोर्टने जायचं ते लिहा आणि बाकी बंद.

व्हीलॅन करायला स्विच नसतील तरी एक गोष्ट आज करता येते: विंडोज फायरवॉलमधून पीसी ते पीसी पोर्ट ४४५, म्हणजे फाइल शेअरिंगचा, बंद करा, ग्रुप पॉलिसीने, म्हणजे सगळ्या पीसीवर एकदम लागणाऱ्या सेटिंगने. पीसीला फाइल सर्व्हरशी बोलायचं असतं, शेजारच्या पीसीशी फाइल शेअर करायची खरं तर गरज नसते. कोणी पीसीवरच फोल्डर किंवा प्रिंटर शेअर करून ठेवलेला असेल तर तो आधी सर्व्हरवर हलवा, नाहीतर पॉलिसी लागल्या लागल्या फोन यायला लागतील.

तपासून बघा: रिसेप्शनच्या पीसीवर बसा आणि साध्या अकाउंटवरून अकाउंट्सवाल्यांचा पीसी, बॅकअप सर्व्हर आणि फायरवॉलची लॉगिन स्क्रीन उघडायचा प्रयत्न करा. तिन्ही उघडता कामा नयेत.

## टप्पा ६: पॅच

हा भाग छोटा आहे कारण क्रम साधा आहे: आधी इंटरनेटला तोंड असलेली यंत्रं, म्हणजे फायरवॉल, व्हीपीएन, मेल सर्व्हर, मग सर्व्हर, मग पीसी. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला पसरलं आणि ते ज्या भोकातून घुसायचं त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, जवळजवळ दोन महिने हातात होते. फायरवॉलचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, लोक विसरतात, विंडोज अपडेट मात्र चालू असतं. कुठला पॅच आज आणि कुठला पुढच्या आठवड्यात हे कळत नसेल तर अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेची यादी बघा, तिच्यात खऱ्या हल्ल्यांमध्ये वापरली गेलेलीच भोकं असतात, आणि त्यात तुमचं यंत्र असेल तर वाट बघू नका.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बदलताच येत नसेल, उदाहरणार्थ कंट्रोलरला जोडलेला पीसी, तर त्याला टप्पा ५ मधल्या वेगळ्या भागात टाका, इंटरनेट बंद करा, मेल बंद करा. आणि एसएमबीचं, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगचं, पहिलं व्हर्जन, जे वॉनाक्रायने वापरलं, ते सगळीकडून काढा. एखादा जुना स्कॅनर त्याशिवाय चालत नसेल तर स्कॅनर मेलवर पाठवतो का ते बघा.

## टप्पा ७: मेल, मशीनवरची राखण आणि लक्ष ठेवणं

मेलमधून किंवा इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइल्सचे मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत बसवलेले छोटे प्रोग्राम, बंद ठेवा. फाइलचं खरं एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचं .exe, .pdf वगैरे) दिसेल असं सगळ्या पीसीवर सेट करा. स्टाफला सांगायचं तर एकच गोष्ट नीट सांगा: चुकून क्लिक झालं तर लगेच फोन करा, कोणी रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका, कारण घाबरून लपवलेला एक तास फार महागात पडतो.

अँटीव्हायरस असो की ईडीआर (मशीनवरच्या संशयास्पद हालचाली पकडणारं टूल), त्याचं टॅम्पर प्रोटेक्शन, म्हणजे ते कोणाला बंद करू न देणारी सोय, चालू आहे का बघा, कारण हल्लेखोर आधी तेच बंद करतो. आणि अलर्ट कोण वाचतं? शनिवारी रात्री दोन वाजता अलर्ट आला तर कोणाचा फोन वाजतो? याला नाव नसेल तर तुमच्याकडे टूल आहे, पण पहारा नाही. स्वतःची माणसं नसतील तर चोवीस तास बघणारी सेवा घ्या, मी तरी नवीन फायरवॉलच्या आधी यावर खर्च करेन.

लॉग वेगळ्या जागी पाठवा, कारण हल्लेखोर जाताना पुसून जातो. या खुणा दिसल्या की हातातलं काम सोडून बघा:

- नवीन डोमेन ॲडमिन तयार झाला आणि कोणी केला ते कोणालाच माहीत नाही
- सिक्युरिटी लॉग पुसला गेला, इव्हेंट ११०२
- अँटीव्हायरस एकाच वेळी अनेक मशीनवर बंद पडला
- कोणी न मागता नवीन रिमोट टूल आलं किंवा आरक्लोनसारखं डेटा बाहेर पाठवणारं टूल दिसलं
- रात्री अचानक खूप अपलोड
- बॅकअपचे जॉब डिलीट झाले किंवा त्यांची मुदत कोणी कमी केली

शेवटची खूण दिसली तर बहुतेक वेळा तुमच्या हातात काही तासच असतात.

## टप्पा ८: हल्ला झालाच तर पहिला तास

हा क्रम छापून सर्व्हर रूममध्ये लावा.

1. मशीनची नेटवर्क केबल काढा, वायफाय बंद करा. खूप मशीन असतील तर स्विचच बंद करा.
2. मशीन बंद करू नका, रीस्टार्ट तर मुळीच नको. मेमरीत पुरावे असतात, क्वचित लॉक उघडायची की पण मिळते. नेटवर्कपासून तोडताच येत नसेल आणि एनक्रिप्शन चालू असेल तरच पॉवर काढा.
3. बॅकअप सर्व्हर आणि डिस्क लगेच तोडा, त्या ठीक दिसत असल्या तरी.
4. इंटरनेट तोडा, म्हणजे बाहेर जाणारा डेटा थांबतो आणि हल्लेखोराचा ताबाही सुटतो.
5. बोलणं फोनवर. ऑफिसचा मेल आणि चॅट वापरू नका, हल्लेखोर तो वाचत असू शकतो.
6. स्क्रीनवरच्या चिठ्ठीचा फोटो काढा, लॉक झालेल्या एक-दोन फाइल्स आणि चिठ्ठी जपून ठेवा. वेळ लिहून ठेवा, कोणी काय केलं तेही.
7. विमा असेल तर विमा कंपनीला लगेच कळवा, वकिलाला आणि तुमच्या देशातल्या सायबर यंत्रणेला पण. कळवायची मुदत काही ठिकाणी तासांत मोजतात, ती आत्ताच शोधून या कागदावर लिहा.

सगळ्यात मोठी चूक: घाईत फॉरमॅट मारणं. मालक मागे उभा असतो, काम थांबलेलं असतं, आणि आयटीवाला पहिल्या अर्ध्या तासात सर्व्हर पुसून विंडोज टाकायला घेतो. पुरावा गेला, हल्लेखोर कुठून आला ते कळायचं राहिलं, आणि ते दार अजून उघडंच.

पैसे भरायचे का, हा प्रश्न येणारच. माझं मत सरळ आहे, टप्पा २ नीट केला असेल तर भरायची वेळ यायला नको, आणि भरले तरी हातात खात्री काही येत नाही. कलोनियलने ७५ बिटकॉइन दिले आणि मिळालेलं डिक्रिप्शन टूल, म्हणजे लॉक उघडणारं टूल, इतकं हळू निघालं की त्यांना स्वतःच्या बॅकअपवरूनही काम चालू ठेवावं लागलं. चेंज हेल्थकेअरने २.२ कोटी डॉलर भरले आणि नंतर तोच डेटा घेऊन दुसरी टोळी पैसे मागायला आली. आधी नो मोअर रॅन्सम या साइटवर बघा, युरोपोल, डच पोलीस आणि सिक्युरिटी कंपन्यांनी मिळून २०१६ मध्ये ती सुरू केली, काही जुन्या रॅन्समवेअरची डिक्रिप्शन टूल्स तिथे फुकट मिळतात. आज नसलं तरी लॉक झालेल्या फाइल्स पुसून टाकू नका, लॉक उघडायची की कधी कधी नंतर बाहेर येते.

## टप्पा ९: परत उभं करणं

आधी दार कुठलं होतं ते शोधा, ते बंद करा, मगच रिस्टोर. दार न शोधता रिस्टोर केलं तर तोच माणूस त्याच वाटेने परत येतो, आणि या वेळी तुमचा बॅकअप कुठे आहे ते त्याला आधीच माहीत असतं.

एक वेगळं, स्वच्छ नेटवर्क बनवा. जुन्याला जोडलेलं नको, इंटरनेटही सुरुवातीला नको. त्यात टप्पा १ च्या कागदावरच्या क्रमाने एकेक सर्व्हर आणा. हल्लेखोर नेमका कधी आला ते कळलं असेल तर त्याच्या आधीची कॉपी घ्या, कळलं नसेल तर विंडोज नवीन टाका आणि बॅकअपमधून फक्त डेटा आणा, प्रोग्राम नको. प्रत्येक सर्व्हर स्कॅन करून मगच पुढचा.

पासवर्ड सगळे बदला, सर्व्हिस अकाउंटचे पण. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या केआरबीटीजीटी, म्हणजे लॉगिनची तिकिटं ज्याच्या पासवर्डवर बनतात त्या, अकाउंटचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, कारण सिस्टिम मागचा एक पासवर्ड धरून ठेवते, आणि दोन्हींच्या मध्ये सगळ्या डोमेन कंट्रोलरवर बदल पोचू द्या. हे राहिलं तर हल्लेखोराने बनवलेली तिकिटं चालूच राहतात. क्लाउड अकाउंट्सची चालू सेशन्स तोडा, मेलमध्ये कोणी फॉरवर्डिंग रूल लावून ठेवलाय का तेही बघा.

पीसी एकदम सगळे जोडू नका, एका विभागाचे आणा, एक दिवस लॉग बघा, मग पुढचा विभाग. बॅकअप पहिल्या दिवसापासून नवीन जागी चालू करा आणि जुन्या कॉपी तशाच बाजूला ठेवा, काही महिने तरी पुसू नका, कारण एखादी राहिलेली फाइल फार उशिरा आठवते. बाहेर जाणारं इंटरनेट सगळ्यात शेवटी उघडा, तेही लागेल तेवढंच, आणि पहिले काही आठवडे रात्रीचा ट्रॅफिक रोज सकाळी कोणीतरी बसून वाचा.